नवे दार, नवा उंबरठा : हिशोब आणि अनुभव

व्यापारी माणूस दुकानाच्या शटरवर जेवढे लक्ष देतो, तेवढे घराच्या दारावर देत नाही. शटरचा स्प्रिंग गेला की दुसऱ्या दिवशी मिस्त्री हजर असतो. घराचे दार मात्र दहा-दहा वर्षे कुरकुरत राहते, पावसाळ्यात अडकते, उन्हाळ्यात फटी दाखवते, आणि आपण खांदा लावून ते ढकलत राहतो. गंगापूरच्या जुन्या वस्तीत अशी शेकडो दारे आहेत. निजामाच्या अमदानीत बसवलेली सागवानी चौकट, कडुनिंबाच्या किंवा सागाच्या दोन फळ्या, वर लोखंडी साखळी, आतून अडसर. वरचा भाग अजून लोखंडासारखा टणक, पण खालचा वीतभर भाग वाळवीने पोखरून भुसा केलेला. गेल्या वर्षी आमच्या घराचे दार आणि उंबरठा आम्ही नव्याने बसवून घेतला. त्या कामात जे पाहिले आणि शिकलो, ते कारागीर आणि दुकानदार बांधवांच्या उपयोगाचे वाटल्यामुळे येथे मांडत आहोत.

दार बदलण्याची वेळ का येते, हे आधी पाहू. वाळवी हे एक कारण झाले. दुसरे कारण आपल्या पायाखाली आहे. गंगापूर तालुक्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जुन्या घरांचा पाया उथळ, भिंती दगड-मातीच्या. पाया थोडा हलला की चौकट काटकोनातून सुटते. मग लोक दाराची कड रंध्याने तासतात. पावसाळा सरला की तीच कड अर्धा इंच फट दाखवते. दोष चौकटीत असताना शिक्षा दाराला होते. म्हणून दार अडकू लागले की आधी सुतळीने चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. दोन्ही सारखे भरले तर दार तासा. फरक आला तर रंधा पेटीत ठेवा आणि चौकटीकडे पाहा.

तिसरे कारण अलीकडचे आहे, आणि आमच्या मते सगळ्यांत मोठे. गल्लोगल्ली सिमेंटचे रस्ते झाले. चांगलेच झाले, चिखल गेला. पण जुना रस्ता न खोदता त्याच्यावरच थर चढत गेले. ज्या घरात पूर्वी दोन पायऱ्या चढून जावे लागे, तेथे आज एक पायरी उतरावी लागते. आमच्या दारासमोर रस्ता देवडीच्या फरशीपेक्षा पाच इंच वर आला. जून महिन्यातल्या पहिल्या मोठ्या पावसाला गल्लीचे पाणी उंबरठ्यावरून आत. दोन पावसाळे आम्ही दारात वाळूची पोती लावून काढले.

घरातली अडचण वेगळीच होती. अम्मींचे वय ऐंशीच्या वर, चालणे वॉकरवर. पाणी अडवायचे तर उंबरठा उंच हवा, आणि वॉकर न्यायचा तर उंबरठा नसलेलाच बरा. दोन पावसाळ्यांत पोती, पायरी आणि उंच उंबरा यांच्यामुळे अम्मी घराबाहेर पडल्याच नाहीत. शेजारच्या खाला त्यांना भेटायला येत, त्याही धडपडत. एकदा त्यांचा पाय पोत्यात अडकला आणि त्या भिंतीला धरून वाचल्या. त्या दिवशी घरात ठरले, या हिवाळ्यात दार काढायचेच.

सल्ले तर फुकट मिळतात. एकाने सांगितले, एक फूट उंच उंबरा बांधून टाका, पाण्याचा प्रश्न मिटला. दुसऱ्याने शहरातून तयार पोलादी दार आणण्याचा आग्रह धरला. चौकटीसकट येते, दिवसात बसते, वाळवीची भीती नाही. शहरातल्या एका दुकानात आम्ही ते पाहिलेही. वस्तू वाईट नाही. फ्लॅटमध्ये, विटांच्या सरळ भिंतीत ती शोभते. पण तयार चौकट ठरावीक मापाची असते, आणि आमची भिंत दोन फूट जाड, दगड-मातीची, कुठे बाहेर आलेली तर कुठे आत गेलेली. शिवाय उंबरठ्याचे काय, असे विचारल्यावर दुकानदाराने खांदे उडवले. "तो तुमचा तुम्ही करून घ्या," म्हणाला. आमचा निम्मा प्रश्न तर तोच होता.

शेवटी गावातलेच सुतार मिस्त्री बोलावले. त्यांच्या वडिलांनी आमच्या अब्बांच्या वेळी कपाटे केली होती. मिस्त्री आले, दार उघडून-मिटून पाहिले आणि म्हणाले, "शेठ, दाराचं नंतर बोलू. आधी रस्ता, भिंत आणि अम्मीची गाडी, तिन्हीची मापं द्या." वॉकरला ते गाडी म्हणत. त्यांनी त्याची रुंदी मोजली, तेव्हा लक्षात आले की अडचण एकट्या उंबरठ्याची नव्हती. जुने दार तीन फुटांचे, पण दोन फळ्यांचे. एक फळी उघडली तर वाट दीड फुटाची. वॉकर त्यातून जाणार कसा? दर वेळी दुसऱ्या फळीची वरची साखळी काढावी लागे, आणि तेवढी उंची अम्मींच्या हाताला येत नव्हती. म्हणून एकाच फळीचे, साडेतीन फूट मोकळ्या रुंदीचे दार ठरले. घराच्या मुख्य दारातून खाट जाते, कपाट जाते, फ्रीज जातो, आणि वेळ आली की जनाजाही त्याच दारातून निघतो. साडेतीन फुटांपेक्षा कमी रुंदी ठेवू नये, असे आमचे मत आहे.

आता उंबरठ्याचा हिशोब. अपंग व वृद्धांच्या सोयीसाठी सरकारी मार्गदर्शिकेत जे प्रमाण दिले आहे, ते लक्षात ठेवायला सोपे आहे. एक इंच चढायचे असेल तर उतार बारा इंच लांब हवा, आणि उंबरठ्याचा उंचवटा १२ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे अर्ध्या इंचापेक्षा, जास्त नको. पाणी अडवण्यासाठी उंबरठा रस्त्यापेक्षा वर हवा. पण रस्त्यावर उतार काढणे म्हणजे अतिक्रमण. आपल्या सोयीसाठी गल्लीत दोन फूट पुढे येणारे लोक आपण रोज पाहतो. नालीवर फरशी टाकतात, मग नाली साफ होत नाही, आणि तेच पाणी शेजाऱ्याच्या घरात जाते. ते आम्हाला करायचे नव्हते.

मिस्त्रींनी तोड काढली ती जुन्या भिंतीच्या जाडीतूनच. चौकट पूर्वी भिंतीच्या बाहेरच्या अंगाला होती. ती आतल्या अंगाला न्यायची. भिंत २४ इंच, चौकट पाच इंच, म्हणजे बाहेर आपल्याच भिंतीच्या पोटात १९ इंच जागा मोकळी झाली. त्या १९ इंचांत दीड इंच चढणारा घडीव काळा दगड बसवला. रस्त्याच्या काठाशी, पण भिंतीच्या आतच, चार इंच रुंद लोखंडी जाळीची नाली घेऊन ती गटाराला जोडली. उंबरठा आता देवडीच्या फरशीपेक्षा साडेसहा इंच उंच झाला, म्हणजे आत साडेसहा फुटांचा उतार हवा. दाराला लागून साडेतीन फूट जागा सपाट ठेवली, कारण उतारावर उभे राहून कडी काढणे म्हाताऱ्या माणसाला जमत नाही. एकूण दहा फूट झाले. देवडी बारा फुटांची असल्यामुळे हे जमले. ज्यांची देवडी लहान आहे, त्यांनी सगळी फरशीच उचलून घ्यावी. खर्च वाढेल, पण अर्धवट उतार पायरीपेक्षा धोक्याचा. रस्त्यावर दीड इंचापेक्षा जास्त पाणी उभे राहत असेल तर मात्र त्याचा उपाय दारात नसून गल्लीच्या नालीत आहे, हेही सांगून ठेवतो.

आणखी एक फायदा झाला. दार आत गेल्यामुळे पाहुण्याला पावसात आडोसा मिळाला. आपल्याकडे तर याला अर्थ आहे. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात विचारल्याशिवाय व सलाम केल्याशिवाय न जाण्याची ताकीद आहे. हदीसमध्ये तीनदा परवानगी मागून उत्तर न आल्यास परत फिरण्याची तालीम आहे. नबी-ए-करीम सल्लल्लाहु अलैहि वसल्लम कुणाच्या दारी जात तेव्हा दारासमोर न थांबता उजव्या किंवा डाव्या बाजूला थांबत, असेही आले आहे. मग थांबणाऱ्याला थांबण्याची जागा नको का? आणि आतल्या पडद्याचा विचार नको का? मिस्त्रींना आम्ही एवढेच सांगितले की दार अर्धे उघडले तरी बाहेरच्या माणसाला अंगण दिसता कामा नये. त्यांनी बिजागऱ्या अंगणाच्या बाजूला घेतल्या. आता फळी अर्धी उघडली की तीच आडपडद्याचे काम करते आणि पाहुण्याला समोर फक्त देवडीची भिंत दिसते. हे काम फुकटात होते, पण चौकट भिंतीत जाण्याआधी सांगावे लागते. बहुतेक घरांत बिजागऱ्या कुठल्या अंगाला, हे सुतार आपल्या हाताच्या सोयीने ठरवतो आणि घरवाले नंतर पडदा शिवायला कापड शोधत आमच्या दुकानात येतात. आमचा धंदा होतो, ते सोडा.

लाकूड खरेदीत फसवणूक फार, म्हणून तिथे जरा थांबतो. साग घनफुटावर विकला जातो. हिशोब असा : रुंदी इंचात गुणिले जाडी इंचात, भागिले १४४, गुणिले लांबी फुटात. आमची चौकट पाच बाय तीन इंचांची. दोन उभे खांब सात-सात फुटांचे, वरची आडवी साडेचार फुटांची, मिळून साडेअठरा फूट. त्याचे १.९३ घनफूट होतात. खाली लाकडी उंबरठा घेतला असता तर २.४ झाले असते. साडेतीन फूट बाय पावणेसात फुटांची दीड इंच जाड फळी म्हणजे २.९५ घनफूट. एकूण पावणेपाचच्या वर, आणि कापणी-रंध्यात जाणारी घट पाचवा हिस्सा धरली तर विकत घ्यायचे सहा घनफूट. दर इथे देत नाही, कारण ते महिन्यागणिक हलतात. पण हा हिशोब कागदावर करून वखारीत जाणाऱ्याला कोणी आठ घनफूट लावू शकत नाही.

"बर्मा साग" या नावावर तर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून अखंड ओंडक्यांची निर्यात बंद केली. आज गुजरातेतील कांडला-गांधीधामच्या बाजारातून येणारा पुष्कळसा साग आफ्रिकेतील आणि दक्षिण अमेरिकेतील लागवडीचा असतो. तो वाईटच असतो असे नाही, पण कोवळा असतो, त्यात पांढरा भाग जास्त निघतो, आणि वाळवी आधी त्या पांढऱ्या भागालाच लागते. आपल्याच राज्यातील बल्लारशा-आलापल्लीचा साग अजून नावाजलेला आहे. दिल्लीच्या २०२३ साली उघडलेल्या नव्या संसद भवनासाठीही सागवान नागपूरहून गेले. तेव्हा परदेशी नावाला भुलून जास्त पैसे देण्याचे कारण नाही. जो साग असेल तो त्याच्या खऱ्या नावाने मागा, पांढरा भाग काढून मोजा, आणि पक्के बिल घ्या. शेताच्या बांधावरचा साग स्वस्तात देतो म्हणणारेही भेटतात. महाराष्ट्रात साग तोडायला १९६४ च्या कायद्यान्वये परवानगी लागते आणि वाहतुकीला वनखात्याचा परवाना लागतो. बिनपरवान्याचे लाकूड रस्त्यात पकडले तर गाडीही अडकते.

दुसरी गोष्ट वाळवणीची. लाकूड ओले असताना केलेले दार मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आकसतेच. आपल्याकडच्या कोरड्या हवेत लाकडात ओल १० ते १२ टक्क्यांच्या आसपास असावी. ती मोजण्याचे छोटे यंत्र आता मिळते. प्रत्येक सुताराने घ्यावे असे आम्ही म्हणू, कारण गिऱ्हाईकासमोर यंत्र लावून दाखवणाऱ्या कारागिराशी भावासाठी कोणी फार घासाघीस करत नाही. आमच्यासाठी शहरातून आलेल्या एका फळीत ओल जास्त भरली. मिस्त्रींनी ती परत पाठवली. वखारवाल्याने कुरकुर करून बदलून दिली.

भिंतीचे काम मात्र सुताराचे नव्हे, गवंड्याचे. दगड-मातीच्या भिंतीतून चौकट ओढून काढली तर वरचा भाग खाली येऊ शकतो. असे अपघात होतात. आधी वरच्या भिंतीत आरपार बल्ल्या घालून, दोन्ही बाजूंनी टेकू देऊन मगच हात लावावा. आमचा उंबरठा वर गेल्यामुळे वरची तुळईही सव्वा फूट वर न्यावी लागली, नाहीतर दारातून वाकून जावे लागले असते. चार फुटांच्या पोकळीवर साडेपाच फुटांची, भिंतीच्या पूर्ण जाडीची काँक्रीटची तुळई टाकली, म्हणजे दोन्ही अंगांना नऊ-नऊ इंच टेकण मिळाले. चौदा दिवस टेकू हलवू दिले नाहीत आणि पाणी मारत राहिलो. तोपर्यंत जुन्याच फळ्या पत्र्याला ठोकून आडोसा केला होता. घरातली मुले पाळीपाळीने देवडीत झोपली. गवंडी घाईत होते, "सात दिवसांत काढू" म्हणत होते. घाई त्यांची, छप्पर आमचे.

चौकट बसवताना मिस्त्रींनी केलेल्या चार-दोन गोष्टी नव्या पोरांनी लक्षात ठेवाव्यात. खांबांच्या पायांना तात्पुरती आडवी पट्टी ठोकली, म्हणजे काँक्रीट भरताना पाय आत दबत नाहीत. दोन्ही अंगांनी ओळंबा लावला. प्रत्येक खांबाला तीन लोखंडी पकडी, भिंतीकडच्या अंगाला डांबर. खांबाचे पाय जमिनीत न गाडता दगडी उंबरठ्यावर टेकवले आणि आतून लोखंडी सळईचा तुकडा घालून जखडले. लाकूड मातीला टेकलेच नाही तर वाळवीला वाट सापडणे कठीण होते. तरीही जोत्यालगत छिद्रे पाडून औषध भरून घेतले. फळी पन्नास-पंचावन्न किलोची भरली, म्हणून तीनऐवजी चार बिजागऱ्या, पाच इंची. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, स्क्रू पेचकसाने फिरवून बसवले. आपल्याकडे नव्वद सुतार स्क्रू हातोडीने ठोकतात आणि शेवटचे दोन आटे फिरवून मोकळे होतात. असा स्क्रू म्हणजे महागडा खिळा. दोन वर्षांत बिजागरी सैल होते, दार खाली उतरते आणि फरशी खरवडू लागते. बाजूंना ३ मिलिमीटर आणि खाली ५-६ मिलिमीटर फट ठेवली. खालच्या फटीला आतून रबराची पट्टी लावली.

जुन्या दाराचे काय केले, हेही लोक विचारतात. गावोगाव फिरून जुनी दारे घेणारे दलाल आता सर्वांना माहीत झाले आहेत. आमच्याकडेही एक जण आला. त्याने पोखरलेला भाग तेवढा दाखवला आणि जळणाच्या भावापेक्षा थोडे जास्त सांगितले. हीच दारे मुंबई-जोधपूरच्या बाजारात पॉलिश होऊन कोणत्या भावाने जातात, ते त्याला माहीत होते आणि आम्हालाही. आमच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे की जायकवाडीच्या पाण्याखाली गावे गेली तेव्हा लोकांनी घरे सोडली, पण चौकटी आणि तुळया बैलगाडीत घालून सोबत नेल्या. धरण १९७६ साली पूर्ण झाले. गोदाकाठच्या नव्या वस्त्यांतल्या कित्येक घरांना जुन्या गावाचे लाकूड लागलेले आहे. इतके वाळलेले लाकूड आज पैसे देऊनही मिळत नाही. आम्ही दार विकले नाही. पोखरलेला वीतभर भाग कापून टाकला आणि बाकी फळ्या मागच्या कोठीला बसवल्या. कोठीचे दार बुटके आहे, तिथे ते बरोबर बसले.

आता कारागिरांबद्दल. आमच्या मिस्त्रींची दोन्ही मुले वाळूजच्या कंपन्यांत आहेत. १९८० च्या दशकात तिथे औद्योगिक वसाहत आली आणि तालुक्याला रोजगार मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण कुसू आणि खाच हाताने पाडणारे हात गंगापुरात आता मोजकेच उरले. आपल्या समाजातील तरुण सुतारकामात बरेच आहेत, उत्तरेकडून आलेले कारागीरही आहेत. मात्र पुष्कळसे काम प्लायवूड आणि सनमायकाचे. चौकट उभी करायला सांगितली की मागे सरतात. औरंगाबादेत बीबीच्या मकबऱ्याच्या पितळी पत्र्याने मढवलेल्या दरवाज्यावर वास्तुकार अताउल्लाह आणि बांधकामाचे हंसपतराय यांची नावे कोरलेली आहेत, १६६०-६१ सालची. बादशाही कामावरसुद्धा करणाऱ्यांची नावे राहिली. आज आपण मिस्त्रीचे नाव फक्त पैसे बाकी असतील तेव्हा वहीत लिहितो.

या तरुणांसाठी एक कामाची माहिती. केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. त्यात १८ हस्तव्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुलूप बनवणारे, गवंडी आणि शिंपी हे त्यात येतात. योजना व्यवसायावर आहे, जातीवर किंवा धर्मावर नाही, त्यामुळे "ही आपल्यासाठी नाही" असे कोणी सांगितले तर ऐकू नये. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, हत्यारांसाठी १५ हजार रुपयांचे ई-व्हाउचर, आणि तारणाशिवाय आधी एक लाख व ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. कर्जावर कारागिराला ५ टक्के व्याज द्यावे लागते. ज्यांना व्याजाचा व्यवहार नको, त्यांनी प्रशिक्षण आणि हत्यारांपुरताच लाभ घ्यावा. कर्ज घेणे सक्तीचे नाही. नोंदणी जवळच्या सामायिक सुविधा केंद्रावर आधार कार्ड, बँक खाते आणि मोबाईल नेऊन होते. गंगापुरात किंवा लासूर स्टेशनला दुकान थाटलेल्या पोरांनी ओल मोजण्याचे यंत्र, चांगला ड्रिल आणि लेवल एवढे जरी घेतले तरी कामाचा दर्जा बदलेल.

आमचे दार जानेवारीत बसले. पहिल्या पावसाळ्यात दोनदा गल्ली भरली. जाळीपर्यंत पाणी आले आणि गटारात गेले. जाळीत पालापाचोळा साचतो, तो आठवड्याला काढावा लागतो. फळी ऑगस्टमध्ये कडीच्या अंगाला किंचित घासू लागली होती. मिस्त्री येऊन पाहून गेले आणि म्हणाले, "दिवाळीपर्यंत हात लावू नका, वाळली की आपोआप सुटेल." सुटली. अम्मी असरनंतर वॉकर घेऊन उतारावरून दारापर्यंत येतात, सपाट जागेत खुर्ची ठेवलेली असते तिथे बसतात, आणि खालांच्या घरी जायचे असेल तर कुणाला हाक न मारता जातात.